गेटवे ते घारापुरी लाँच: दोघांच्या एका दिवसासाठी कशी आहे?

बाहेरगावचा जिवलग मित्र किंवा मैत्रीण एका दिवसासाठी मुंबईत उतरली की टॅक्सी ठरवून हँगिंग गार्डन, हाजी अली, सी लिंक असा फेरा मारायची टूम निघते. त्यात बघणं कमी आणि सिग्नलला ताटकळणं जास्त. त्यापेक्षा गेटवेवरून सुटणारी घारापुरीची, म्हणजे एलिफंटा लेण्यांची, लाँच कितीतरी उजवी. पाचात साडेतीन गुण. एक गुण गेटवेवरच्या चढउतारासाठी कापला, अर्धा परतीच्या गोंधळासाठी.

आधी पैशांचं. जाऊन-येऊन तिकीट माणशी अडीचशे रुपयांच्या आसपास, लेण्यांचं प्रवेशतिकीट भारतीयांना 40 रुपये, बेटावर ग्रामपंचायतीचा किरकोळ कर आणि छोट्या गाडीचं भाडं. दोघांचं सातशेच्या आत-बाहेर भागतं. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा खिशात असू द्या. वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे लाँच सुटल्यावर मागतात आणि भर समुद्रात मोबाइलची रेंज हमखास दगा देते. गेटवेवर मिळालेली तिकिटाची चिठ्ठी परतीलाही दाखवावी लागते. ती पाकिटात ठेवा, हातात धरलेली वाऱ्याने उडते.

सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. बाकी दिवशी सकाळी नवाच्या सुमारास फेऱ्या सुरू होतात. साडेआठला गेटवेवर पोचायचं, कारण आवारात शिरताना बॅगांची तपासणी होते आणि रविवारी तिथेच वेळ जातो. मेट्रो 3 ने हुतात्मा चौकला उतरलात तर काळा घोड्यावरून पायी पंधरा-वीस मिनिटं. सीएसएमटीवरून चालायला अर्धा तास धरा, नाहीतर बेस्ट पकडा. मोठी सुटकेस घेऊन येऊ नका. सामान कुणाच्या तरी घरी किंवा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाकून मोकळं व्हायचं.

आता तो कापलेला गुण. गेटवेच्या दगडी पायऱ्यांना लाँच सरळ लागतेच असं नाही. गर्दीच्या वेळी दोन-तीन लाँच एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि पहिलीच्या डेकवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर ओलांडत जावं लागतं. लाटेबरोबर दोन कठड्यांमधली फट क्षणात वीतभर होते, क्षणात मिटते. खलाशी हात देतात, तो मनगटापाशी घट्ट धरायचा आणि दोन्ही लाँच एका पातळीत आल्या की पाय टाकायचा. फटीत पाय किंवा हात अजिबात ठेवायचा नाही. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ असतं. गुळगुळीत तळाच्या चपला घातलेले तिथेच घसरतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओहोटीच्या वेळी हा प्रवास सुचवू नये.

भरती-ओहोटी कळायला ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. प्रतिपदेला पाऊणच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे भरती असते, म्हणजे संध्याकाळी सहाला पुरती ओहोटी. त्या दिवशी उशिरा परतलात तर शेवाळाच्या पायऱ्या ठरलेल्याच. पावसाळ्यात मात्र हे गणित पुरत नाही. सगळं समुद्राच्या तब्येतीवर चालतं, हवा बिघडली की फेऱ्या थांबतात.

लाँचवर जागा निवडणं हे अर्ध्या सहलीचं काम. जाताना लाँच साधारण पूर्वेला जाते, सकाळचं ऊन समोरून आणि उजवीकडून येतं. म्हणून डावीकडे बसा. निघताना त्याच बाजूला नौदलाची गोदी दिसते (फोटो काढू नका) आणि पुढे तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप लागतं. खालच्या डेकवर मागच्या टोकाला इंजिनाची घरघर आणि डिझेलचा वास असतो. ज्याला मळमळतं त्याने मधोमध, नजर क्षितिजावर ठेवून बसावं. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे लागतात आणि लोक त्यांना गाठ्या-शेव फेकतात. बघायला मजा येते. खाऊ घालायची गरज नाही.

18 डिसेंबर 2024 ला याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून 'नीलकमल' ही प्रवासी लाँच बुडाली आणि माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. पण अंगावर अडकवणं म्हणजे घालणं नव्हे. खालचा पट्टा सैल राहिला तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकून हनुवटीशी येतं आणि उपयोगापेक्षा अडचण जास्त होते. सगळी बक्कलं लावा, पट्टे आवळा, मग एकाने दुसऱ्याचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघावं. कानापर्यंत आलं तर अजून सैल आहे.

साधारण तासाभरात शेतबंदराला लागता. हे बेट मुंबईत नाही, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे, आणि इथे समुद्राखालच्या केबलने वीज आली ती 2018 मध्ये. धक्का लांबलचक आहे, त्यावरून छोटी गाडी चालते. सकाळी चालतच जा, दुपारी उन्हात परतताना गाडी घ्या. पुढे 120 च्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-मूर्तींची दुकानं. भाव करायचा तर उतरताना, चढताना हातात ओझं नको. कैरी, काकडी, ताक मिळतं, पण उघडं हातात धरून चढू नका. माकडं पाण्याची बाटलीही हिसकावतात, रंगीत पेय दिसलं तर आधीच.

मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेला. बहुतेक जण सरळ आत घुसून तीन मुखांच्या सदाशिवापुढे फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर. त्यांचे पैसे वाया. प्रवेशाशीच उजवीकडे नटराज आणि डावीकडे योगीश्वर आहे, तिथून सुरुवात करा. सदाशिव दक्षिणेच्या भिंतीत खोल कोनाड्यात आहे, उंची सुमारे 20 फूट. उन्हातून आत आल्याबरोबर काही दिसत नाही. पाच मिनिटं थांबा, मग कडा उमटायला लागतात: तुमच्या डावीकडचं मुख अघोर, उग्र; उजवीकडचं वामदेव, कमळ घेतलेलं, कोवळं. बाजूंना डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. कल्याणसुंदरात, म्हणजे शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पात, पार्वतीच्या खाली झुकलेल्या मानेकडे बघा आणि लगेच मागे वळा, समोरच्या भिंतीत अंधकासुराला मारणारा शिव आहे. त्याच देवाची दोन तोंडं दहा पावलांच्या अंतरावर. पुष्कळ मूर्तींचे खालचे भाग फुटलेले आहेत, नजर वरच ठेवलेली बरी. दीड तास तरी द्या. एकाला शिल्पात रस आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडी असेल तर दुसऱ्याने तोफांच्या टेकडीवर जावं. वर जुन्या तोफा आणि चारी बाजूंना बंदराचा देखावा आहे. पायऱ्यांच्या तोंडाशी भेटायची वेळ आधीच ठरवा, वर रेंजचा भरवसा नाही.

साडेबारा-एकची परतीची लाँच धरायची. चारनंतर धक्क्यावर रांग लागते, कुठली लाँच आधी सुटणार हे धड कुणी सांगत नाही आणि रविवारी तासभर सहज मोडतो. अर्धा गुण गेला तो इथे. धक्क्यावर फेऱ्यांच्या वेळांचा एक मोठा फलक लावला तरी निम्मी कटकट मिटेल.

बेटावरच जेवायला बसू नका, तेवढ्यात दुपारची लाँच चुकते. दोनच्या सुमारास गेटवेला उतरून फोर्टात जेवा. रविवार नसेल तर बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव. तिथे फक्त दुपारचंच जेवण असतं, त्यामुळे रेंगाळलात तर दार बंद. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ते संध्याकाळी सहापर्यंत उघडं असतं. वास्तुविशारद जॉर्ज विटेटची इमारत. 1924 मध्ये खुलं झालेलं गेटवेही त्याचंच. इथे वरच्या मजल्यांचा मोह सोडून तळमजल्यावरच्या शिल्पदालनात शिरा. घारापुरीहून आणलेला ब्रह्मा आणि महिषासुरमर्दिनी इथे आहेत, परळला सापडलेल्या शिवाच्या शिल्पाची प्रतिकृतीही. सकाळी अंधारात पाहिलेला शिल्पांचा घाट इथे डोळ्यांच्या पातळीवर, नीट उजेडात बघायला मिळतो. एकाच दिवसात दोन्ही बघण्याचा खरा फायदा हाच. पाय शिल्लक असतील तर ओव्हल मैदानाच्या कडेने चर्चगेटला जा. एका हाताला राजाबाई टॉवरची गॉथिक रांग, दुसऱ्या हाताला आर्ट डेको शैलीतल्या इमारती.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो बेटावर शोधत बसू नका. तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तेवढ्यासाठी वाट वाकडी करणार असाल तर बुधवार सोडून, त्या दिवशी तिथे सुट्टी असते.