मायक्रोटिक हेक्स: छोट्या कार्यालयाचा राउटर

मायक्रोटिक या लॅटव्हियातील कंपनीचा हेक्स हा 5 गिगाबिट पोर्टांचा, वायफाय नसलेला राउटर दूरस्थ प्रवेशावर जे बारीक नियंत्रण देतो, ते मला फार मोलाचे वाटते. टेलनेट (पोर्ट क्रमांक 23) आणि एफटीपी (21) या माहिती कूटबद्ध न करणाऱ्या जुन्या सेवा बंद करून एसएसएच (22) ही कूटबद्ध जोडणी व विनबॉक्स (8291) हे मायक्रोटिकचे व्यवस्थापन-सॉफ्टवेअर ठरावीक आयपी पत्त्यांपुरतेच खुले ठेवता येतात. नुसता पोर्ट क्रमांक बदलून मात्र सुरक्षितता मिळत नाही, म्हणून बाहेरून जोडणीसाठी राउटरओएस 7 या राउटरच्या कार्यप्रणालीतील वायरगार्ड ही कूटबद्ध खासगी जोडणीच (व्हीपीएन) वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन. कोणत्या वाहतुकीला आधी वाट द्यायची, हे सिंपल क्यू या वाहतुकीच्या रांगांतून ठरवता येते; त्यांच्या प्राधान्यक्रमात 1 सर्वांत वरचा, 8 सर्वांत खालचा. परंतु फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा, म्हणजे वाहतूक बहुतांश तपासण्या टाळून झटपट पुढे पाठवण्याचा, नियम चालू असेल, तर ती वाहतूक सिंपल क्यूला वळसा घालून जाते आणि व्हिडिओ कॉलला दिलेले प्राधान्य कागदावरच राहते. तो नियम बंद केल्यास प्रोसेसरवरचा भार वाढतो, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे.