बाडरची सौर फिल्म सोलापूरच्या उन्हात: फिल्म पास, डबल टेप नापास

सूर्याकडे दुर्बीण वळवायची तर फिल्टर पुढच्या भिंगाच्याही पुढे हवा, म्हणजे ऊन नळीत शिरायच्या आधीच अडतं. जर्मनीच्या बाडर कंपनीची ‘अ‍ॅस्ट्रोसोलार’ फिल्म हेच काम करते. घेताना पाकिटावर ५.० हा आकडा बघा. ही फिल्म लाखातला एक भाग उजेड आत सोडते. ३.८ची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी, तिला डोळा लावायचा नाही. दिसायला दोन्ही चंदेरीच. आणि स्वस्त दुर्बिणीसोबत आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, बसवायची जी काळी काच फुकट येते, ती आजच कचऱ्यात टाका. तिथे सगळं ऊन एकवटलेलं असतं. काच तापून तडकली की डोळा मिटायलाही वेळ मिळत नाही.

ए-४ शीट २० बाय २९ सेंमीची. ७० मिमीच्या दुर्बिणीसाठी १० सेंमीचे चार चौकोन निघतात. जाड पुठ्ठ्याच्या दोन कड्या कापा, मध्ये फिल्म ठेवा आणि कड्या चिकटवा. फिल्म डफासारखी ताणू नका. थोड्या सुरकुत्या चालतात, ताणलेल्या फिल्ममधून मात्र प्रतिमा बिघडते. मग नळीवर घट्ट बसेल अशी पुठ्ठ्याची कॉलर जोडा. इथेच सोलापूर घात करतं. एप्रिल-मेच्या उन्हात डबल टेपचा गोंद पातळ होतो आणि टोपी सरकू लागते. फेविकॉल लावून रात्रभर वजनाखाली ठेवा, वरून रुंद इलॅस्टिक चढवा. दुर्बीण उलटी धरून हलवली तरी टोपी पडता कामा नये. दर वेळी लावण्याआधी फिल्म उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोक दिसलं तर तो तुकडा बाद. धूळ कापडाने पुसू नका, रबरी ब्लोअरने उडवा.

फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, काढूनच ठेवा. नळीची जमिनीवरची सावली सगळ्यांत लहान आणि गोल झाली की सूर्य समोर आलेला असतो.

७०० मिमी नाभीय अंतराच्या नळीला २० मिमीचं आयपीस लावलं की ३५ पट, आणि सूर्याची अख्खी थाळी मावते. रंग पांढरा, किंचित निळसर. पिवळ्या सूर्याची सवय असलेल्यांना आधी फिका वाटेल. डागांचा काळा गाभा आणि भोवतीची करडी झालर स्पष्ट वेगळी दिसते, कडेजवळ उजळ ठिपके. पृथ्वी तिथे नेऊन ठेवली तर ती जेमतेम साडेसतरा विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) भरेल. मोठा डाग तिला सहज गिळतो. ज्वाळा आणि प्रभामंडळ यात दिसणार नाहीत. ज्वाळांना हायड्रोजन-अल्फा या ठरावीक लाल उजेडाचं वेगळं, महागडं यंत्र लागतं, तेव्हा फिल्ममधून ज्वाळा दिसतात असं सांगणाऱ्या जाहिरातीवर जाऊ नका.

प्रतिमा थरथरली की लोक फिल्मला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा स्लॅबचा असतो. तापलेल्या गच्चीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते. सकाळी साडेसात ते नऊ, मातीच्या अंगणात किंवा गवतावर तीच फिल्म दुप्पट चांगली वाटते. डोक्यावर सोलापुरी टॉवेल ओढला की बाजूचं ऊनही डोळ्यात येत नाही.

नुसतं बघून सोडू नका, मोजा. डागांच्या गटांना दहाने गुणा, सुटे डाग मिळवा: तीन गट, चौदा डाग म्हणजे ४४. ब्रसेल्सला जगभरच्या अशाच मोजण्यांतून सौरडागांचा अधिकृत आकडा काढतात. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४पासून सूर्याचे फोटो जमत आहेत, आणि साधारण ११ वर्षांचं चक्र अशा चिकाटीच्या नोंदींतच उमटतं. रोज त्याच वेळी १५ सेंमीच्या वर्तुळात डाग काढले तर ते सरकताना दिसतात. टिकाऊ गट सुमारे २७ दिवसांनी परत तिथेच येतो. मे २०२४मध्ये १३६६४ क्रमांकाच्या गटाने पृथ्वीवर इतकं जोरदार चुंबकीय वादळ आणलं की लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं. तो गट एवढा मोठा होता की अशा फिल्ममधून सहज दिसावा. तो स्फोट का करतो, हे कळायला मात्र डागातलं चुंबकत्व मोजावं लागतं. ते काम मोठ्या वेधशाळांचं आणि नासाच्या एसडीओसारख्या यानांचं.

चार चौकोन काढून उरलेली ९ सेंमीची पट्टी फेकू नका. ५० मिमीच्या द्विनेत्रीच्या दोन टोप्या त्यात बसतात. दोन्ही भिंगं झाकायची, एक नव्हे. २ ऑगस्ट २०२७ला दुपार उलटल्यावर इथून खंडग्रास ग्रहण आहे, ढगांनी जागा दिली तर.