डीओआय शोधणं आणि वापरणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

थीसिसच्या संदर्भसूचीसाठी गेले काही महिने डीओआय (पेपर, पुस्तक, डेटासेट यांना दिलेला कायमचा ओळख-क्रमांक, त्याची लिंकही बनते) शोधतेय, म्हणून हे लिहितेय. नव्या पेपरचं सोपं आहे, पहिल्याच पानावर 10 ने सुरू होणारा नंबर असतो, तो उचलायचा. कसरत जुन्यांची, कारण पीडीएफ म्हणजे नुसतं स्कॅन, त्यावर काही छापलेलंच नसतं. पण क्रॉसरेफ (प्रकाशक जिथे पेपरचे डीओआय नोंदवतात ती संस्था) 2000 मध्ये सुरू झालं म्हणून 1960 च्या पेपरला डीओआय नसणारच असं धरू नका, बऱ्याच प्रकाशकांनी मागचे अंकही नोंदवलेत.

मी मुख्यतः क्रॉसरेफचं सिंपल टेक्स्ट क्वेरी वापरते. अख्खी यादी पेस्ट करायची, ज्यांचा सापडतो त्यांच्याखाली डीओआय येतो, पैसे लागत नाहीत. मात्र कुठल्याही सर्चमधून आलेला डीओआय उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका!! पुस्तकाचं नाव टाकलं तर कधीकधी त्या पुस्तकाच्या परीक्षणाचा डीओआय वर येतो, शीर्षक तेच ना. लेखक वेगळा आणि पानं दोन-तीनच दिसली की समजायचं. प्रीप्रिंटचाही (जर्नलमध्ये छापून येण्याआधी ऑनलाइन टाकलेला पेपर) असाच घोळ, आर्काइव्ह (ते एक्सवालं, arXiv, प्रीप्रिंटची साइट) 2022 पासून 10.48550 ने सुरू होणारे स्वतःचे डीओआय देतं आणि नंतर जर्नलमध्ये छापून आलं की तिथला वेगळा, म्हणजे एकाच कामाला दोन, आणि दोन्हीत मजकूर सारखा असेलच असं नाही. आपण जो वाचलाय त्याचाच द्यायचा. डेटासेटचे डीओआय बहुतेक डेटासाइटकडे (क्रॉसरेफसारखीच दुसरी संस्था) नोंदवलेले असतात त्यामुळे क्रॉसरेफमध्ये सापडले नाहीत तर तिकडे बघा. झेनोडोवर (डेटासेट वगैरे ठेवायची साइट) तर सगळ्या व्हर्जनचा मिळून एक आणि प्रत्येक व्हर्जनचा वेगळा असतो, मी वापरलेल्या व्हर्जनचाच देते.

झोटेरोतलं (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) जादूच्या कांडीचं बटण भारी आहे, डीओआय टाकला की सगळी माहिती आपोआप भरते. अर्थात प्रकाशकाने जे नोंदवलं तेच येणार, शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये असेल तर तसंच, हाताने दुरुस्त करा.

वैताग म्हणाल तर कॉपी-पेस्ट. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम लिंकला चिकटून येतो किंवा ओळ तुटून मधे स्पेस पडते, मग डीओआय सापडला नाही म्हणून पान येतं. कॅपिटल-स्मॉलने मात्र फरक पडत नाही. काही जुने डीओआय कंस, अर्धविराम, असली चिन्हं भरलेले भयानक लांब असतात, त्यांच्यासाठी शॉर्टडीओआय ही डीओआय छोटा करून देणारी सेवा आहे. आणि लिहिताना एचटीटीपीएससकट पूर्ण डीओआय डॉट ऑर्गची लिंक द्या, एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीतही तेच आहे, जुन्या डीएक्सवाल्या (dx.doi.org) लिंक अजून चालतात पण नव्याने कशाला लिहायच्या.

बाकी डीओआय आहे म्हणजे पेपर फुकट वाचायला मिळेल किंवा तो चांगलाच असेल असं काही नाही. प्रकाशकाने साइट बदलल्यावर नवा पत्ता नोंदवला नाही तर हीच कायमची लिंक बंद पानावर नेऊन सोडते, मला असे दोन-चार भेटलेत. म्हणून खंड, अंक, पानं हे सगळं मी तरीही लिहितेच.