पोटरीतले गोळे, रात्रीची धास्ती आणि सहा शनिवारांचा प्रसूतिपूर्व वर्ग

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात एक फिजिओथेरपिस्ट बाई गर्भवती स्त्रियांसाठी दर शनिवारी दुपारी चार ते सव्वापाच असा वर्ग घेतात. सहा शनिवारांचे शुल्क ४,५०० रुपये आहे. मी एकतिसाव्या आठवड्यात हा वर्ग सुरू केला आणि छत्तिसाव्या आठवड्यात तो पूर्ण केला. बाई एकट्यानेच हा व्याप सांभाळतात आणि पुढे सांगितलेल्या उणिवांपैकी काही त्यांनी दुरुस्त करायला घेतल्या आहेत, म्हणून मी त्यांचे नाव येथे देत नाही. असे वर्ग आता बहुतेक शहरांत चालतात. आपल्या जवळच्या वर्गात काय पाहावे आणि काय विचारावे, हे या अनुभवावरून ठरवता येईल, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मी तेथे गेले ते पायांमुळे. एकोणतिसाव्या आठवड्यात एका रात्री तीनच्या सुमारास डाव्या पोटरीत असा गोळा आला की मला धड ओरडताही येईना. कातडीखाली लिंबाएवढी गाठ हाताला लागत होती आणि पावलाची बोटे आपोआप खाली वळली होती. वेदना कमी व्हावी म्हणून मी पाय ताणला, पण तो बोटे पुढे करून ताणला, आणि त्यामुळे गोळा आणखी घट्ट झाला. नवऱ्याने पोटरी चोळली, सासूबाईंनी कोमट तिळाचे तेल आणले, आणि पाच मिनिटांनी सगळे शांत झाले. मला मात्र सकाळपर्यंत झोप आली नाही. त्यानंतर जवळजवळ रोजच असे होऊ लागले. दुखण्यापेक्षा दुखण्याची वाट पाहण्याचा त्रास मोठा होता, कारण दिवे मालवले की गोळा येणार या धास्तीने डोळा लागत नसे, आणि जागेपणी मग बाळ हलले की नाही, कळा कधी सुरू होतील, वेळेवर दवाखान्यात पोहोचता येईल का, हे सारे एकामागून एक मनात येई.

पहिल्याच शनिवारी बाईंनी पंधरा मिनिटे केवळ पोटरीवर खर्च केली, आणि माझ्या मते वर्गाच्या शुल्काचा निम्मा मोबदला तेथेच मिळाला. गोळा आला की गुडघा सरळ ठेवायचा, टाच पुढे ढकलायची आणि पावलाची बोटे स्वतःच्या गुडघ्याकडे ओढायची. बोटे कधीही पुढे, म्हणजे नर्तकीसारखी, ताणायची नाहीत. हे ऐकायला सोपे वाटते, पण आठव्या महिन्यात पोटापलीकडच्या पावलापर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येकीला एक सुती ओढणी आणायला सांगितले होते. पलंगावर बसून ओढणीचा मधला भाग पावलाच्या चवड्याखाली घ्यायचा, दोन्ही टोके दोन हातांत धरायची आणि पाठ न वाकवता हळूहळू स्वतःकडे ओढायचे. बाईंनी माझ्या शेजारी बसून माझी टाच आपल्या तळहातावर टेकवून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘टाच माझ्या हाताला ढकला, ओढणी तुमच्याकडे ओढा, आणि श्वास अजिबात रोखू नका.’’ पोटरी मागच्या बाजूने लांब होत जाताना जाणवली. त्या रात्री गोळा आला तेव्हा तो मिनिटभरात सुटला.

गोळा येऊच नये यासाठी झोपण्यापूर्वीचा व्यायामही त्यांनी दिला. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभे राहायचे, दोन्ही तळवे भिंतीला टेकवायचे, टाचा जमिनीवरून न उचलता शरीर पुढे झुकवायचे, तीस सेकंद थांबायचे आणि असे तीनदा करायचे. दिवसभर एकाच जागी बसून काम करणाऱ्यांनी तासातासाला घोटे गोल फिरवावेत, पायावर पाय टाकून बसू नये, पाणी पुरेसे प्यावे. आणखी एक बारीक गोष्ट मला स्वतःला कधीच सुचली नसती. पांघरूण पायथ्याशी गादीखाली खोचलेले असले की त्याच्या ताणाने पावले रात्रभर खाली दाबलेली राहतात, म्हणून ते सैल सोडावे. मी ते त्याच रात्री सैल केले. या सगळ्याने माझे गोळे पूर्ण थांबले असे मी म्हणणार नाही. रोज येत होते ते आठवड्यातून दोनदा येऊ लागले आणि आले तरी घाबरायला होईनासे झाले.

गोळ्या-औषधांविषयी बाईंनी जो संयम दाखवला तो मला फार मोलाचा वाटतो. घरात, शेजारी, कार्यालयात जो तो सांगत होता की हे कॅल्शियम कमी पडल्याने होते, केळी खा, मॅग्नेशियम घे. बाईंनी स्पष्ट सांगितले की गर्भारपणात पोटरीत गोळे का येतात याचे नेमके कारण अजून पक्के ठरलेले नाही, आणि कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला तेव्हाही कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम पोटात घेतल्याने गोळे थांबतात असे खात्रीने म्हणता येईल इतका पुरावा मिळाला नव्हता. केळे जरूर खावे, पण त्यावर विसंबून राहू नये. आपल्याकडे सरकारी धोरणानुसार चौदाव्या आठवड्यानंतर दररोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात, त्या मुख्यतः गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकाराचा धोका कमी व्हावा म्हणून. पायातले गोळे थांबले नाहीत म्हणून त्या बंद करणे चुकीचे आहे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही, हेही तेथेच कळले. मी दोन्ही गोळ्या रात्री दुधाबरोबर एकदमच घेत होते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून वेळा बदलून घेतल्या.

त्याच तासाला बाईंनी फळ्यावर एक पाय काढला आणि आवाज थोडा वाढवून सांगितले की साधा गोळा येतो आणि जातो. परंतु एकाच पायाची पोटरी सुजली, लाल किंवा गरम झाली, दुखणे थांबेना आणि चालताना वाढू लागले, तर तो शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा इशारा असू शकतो. गर्भारपणात अशा गुठळीचा धोका वाढलेला असतो. अशा वेळी पाय चोळायचा नाही, तेल लावायचे नाही, शेकायचा नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आपल्या घरांत पाय दुखला की पहिला हात तेलाच्या वाटीकडे जातो, म्हणून ही सूचना सर्वांनी लक्षात ठेवावी असे मला कळकळीने वाटते. मी घरी येऊन सासूबाईंना हे जसेच्या तसे सांगितले आणि त्यांनी ते मनावर घेतले.

चौथ्या शनिवारचा तास काळजीवर होता. बाईंनी प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी देऊन नाव न लिहिता मनातली सर्वांत मोठी भीती लिहायला सांगितली, साऱ्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून हलवल्या आणि एकेक काढून वाचली. आम्ही चौदा जणी होतो. चार चिठ्ठ्यांवर जवळजवळ एकच वाक्य होते की रात्री बाळ हललेले कळले नाही तर काय करायचे. एकीने सिझेरियनच्या खर्चाविषयी लिहिले होते. एका चिठ्ठीवर, ‘मुलगी झाली तर घरचे माझ्याशी नीट बोलतील का?’ एवढेच होते. ती वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. बाईंनीही त्यावर घाईने सल्ला दिला नाही. ज्या कोणी ते लिहिले असेल तिने वर्ग संपल्यावर थांबावे, आपण दोघी बोलू, एवढेच त्या म्हणाल्या. जो प्रश्न चौदा जणींसमोर सुटणारा नाही, तो सोडवल्याचा आव त्यांनी आणला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

बाळाच्या हालचालींविषयी मात्र त्यांनी नेमके उत्तर दिले. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यावे; दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा बाळाच्या नेहमीच्या सवयीपेक्षा हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जावे. शेवटच्या दिवसांत जागा कमी पडल्याने बाळ हलायचे कमी होते, ही समजूत त्यांनी खोडून काढली. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी वळल्यासारखे किंवा ढकलल्यासारखे वाटते, परंतु हालचाल कमी होत नाही. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, बरगड्यांखाली दुखणे, चेहरा आणि हात अचानक सुजणे ही लक्षणे दिसली तरी थांबायचे नाही. ‘‘रात्री तीनला फोन केला म्हणून कोणी तुम्हाला रागावणार नाही, रागावले तरी करा,’’ हे त्यांचे वाक्य मी दवाखान्याच्या फाइलवर लिहून ठेवले आहे.

पाठीवर झोपण्याची भीतीही अनेकींना होती. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपायला जाताना कुशीवर वळून झोपणे बाळासाठी सुरक्षित, पण जाग आल्यावर आपण पाठीवर असल्याचे दिसले तर घाबरून जाऊ नये, फक्त कूस बदलावी. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची मोठी उशी विकत घ्यावी का, असे एकीने विचारले, तेव्हा बाईंनी घरातली गोधडी गुंडाळून गुडघ्यांच्या मध्ये आणि एक छोटी उशी पोटाखाली घेऊन दाखवली. मी आजीची गोधडी वापरते आणि मला वेगळ्या उशीची गरज भासली नाही.

साध्या काळजीच्या पलीकडे जाणाऱ्या काळजीविषयीही त्या बोलल्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटणे, पाय शांत असतानाही झोप न येणे, कशातच मन न लागणे, स्वतःला इजा करण्याचे विचार येणे, या गोष्टी गर्भारपणात असे व्हायचेच म्हणून सोडून देऊ नयेत, तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगाव्यात. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. आमच्यातील एकीने नंतर तेथे फोन केल्याचे मला सांगितले.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव ही की डॉक्टरांचे संमतीपत्र आमच्याकडून दुसऱ्या शनिवारी मागितले गेले. ज्यांची वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली आहे, ज्यांना रक्तस्राव झाला आहे किंवा वेळेआधी कळा येण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी काही व्यायाम धोक्याचे असतात; म्हणून ते पत्र पाहिल्याशिवाय पहिला व्यायामही करून घेता कामा नये. मी हे बोलले तेव्हा बाईंनी चूक मान्य केली आणि पुढील तुकडीपासून नोंदणीच्या वेळीच पत्र घेण्याचे ठरवले. दुसरे म्हणजे वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला उद्वाहन नाही. नववा महिना लागलेल्या दोघी जिन्यात मध्येच टेकून बसत, हे पाहवत नसे. जागा बदलेपर्यंत निदान पहिल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवता आली असती.

तिसऱ्या शनिवारी निघताना दारापाशी एका टेबलावर मॅग्नेशियमयुक्त म्हणून ६५० रुपयांच्या तेलाच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि मदतनीस मुलगी त्याने गोळे हमखास थांबतील असे सांगत होती. आत बाईंनी जे शिकवले त्याच्या हे अगदी उलट होते. झोपेवाचून थकलेली बाई अशा वेळी काहीही विकत घेते, आणि म्हणूनच तेथे ते टेबल नसावे. दोघी-तिघींनी मिळून हे सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात ते दिसले नाही. वर्ग फक्त शनिवारी दुपारी असतो, त्यामुळे शनिवारी काम करणाऱ्या स्त्रियांची अडचण होते. पतींसाठी एकच तास ठेवला आहे तो पुरेसा आहे. परंतु घरातल्या सासूबाई किंवा आई यांच्यासाठी एकही तास नाही, आणि शेवटच्या महिन्यांत रात्री उठून धावून येतात त्या बहुधा त्याच. माझी सूचना त्यांनी लिहून घेतली आहे.

ज्यांना हा किंवा असा वर्ग लावायचा आहे त्यांनी डॉक्टरांची संमती घेऊन अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास जावे. मी एकतिसाव्यात गेले, त्यामुळे पायांच्या व्यायामाची सवय लागेपर्यंत चौतिसावा आठवडा उजाडला आणि त्याआधीच्या कितीतरी रात्री विनाकारण भीतीत गेल्या. आज मला सदतिसावा आठवडा सुरू आहे. काल पहाटे उजव्या पोटरीत गोळा आला, ओढणी उशाशीच होती, आणि नवऱ्याला न उठवता मी पुन्हा कुशीवर वळून झोपले. दुसरी एक ओढणी दवाखान्याच्या पिशवीत भरून ठेवली आहे.