गृहयुद्धातील शिपायाची पत्रे की रोजनिशी: आधी काय वाचावे?

उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत झालेल्या अमेरिकेच्या गृहयुद्धाविषयी (1861–1865) सेनापतींची चरित्रे आणि लढायांची वर्णने वाचून झाली, की साध्या शिपायाने स्वतः काय लिहून ठेवले आहे ते पाहण्याची ओढ लागते. तिथे पहिलीच अडचण निवडीची येते, कारण सामग्री अफाट आहे. उत्तरेच्या गोऱ्या सैनिकांपैकी 90 टक्क्यांहून अधिक आणि दक्षिणेच्या सैनिकांपैकी सुमारे 80 टक्के लिहू-वाचू शकत होते, आणि त्यांच्या पत्रांवर पद्धतशीर सेन्सॉर नव्हता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून भारतीय शिपायांनी घरी धाडलेली पत्रे सेन्सॉरच्या हाताखालून जात असत, हे लक्षात घेतले म्हणजे या मोकळेपणाचे मोल कळते. इतिहासकार जेम्स मॅक्फर्सन यांनी सैनिक का लढले याचा शोध घेताना 25,000 हून अधिक पत्रे आणि सुमारे 250 रोजनिशा वाचल्या. या दोन आकड्यांतील तफावतीवरूनच पत्रांचे पारडे किती जड आहे ते दिसते.

माझे मत असे, की सुरुवात पत्रांपासून करावी, पण निवडक पत्रांच्या संकलनापासून नव्हे. एकाच शिपायाची पत्रे पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचावीत. यासाठी मी सारा रोझेटा वेकमन हिचे नाव सुचवीन. न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी कुटुंबातली ही थोरली मुलगी पुरुषाच्या वेशात घराबाहेर पडली, ऑगस्ट 1862 मध्ये लायन्स वेकमन या नावाने 153 व्या न्यूयॉर्क पलटणीत भरती झाली आणि घरी पैसे व पत्रे धाडत राहिली. छावणीत ती लायन्स होती. आईवडिलांना लिहिताना मात्र अनेकदा खाली रोझेटा अशी सही करी. एखादे पत्र भलत्याच्या हाती पडते तर सारेच उघडे पडले असते, तरीही तिने ती सही सोडली नाही.

पत्र कुणासाठी तरी लिहिलेले असते, आणि ते वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. त्या काळच्या सैनिकांच्या पत्रांची सुरुवात बहुधा ठरलेली असे: लेखणी हाती घेऊन कळवतो, की मी खुशाल आहे आणि तुम्हीही तसेच असाल अशी आशा करतो. आपल्याकडच्या ‘पत्रास कारण की’ आणि ‘इकडील सर्व क्षेम’ या वळणाशी ज्याची ओळख आहे, त्याला हे साचे ओलांडून पुढच्या मजकुराकडे कसे जायचे ते शिकवावे लागत नाही. खुशालीच्या ओळींवर फार विसंबू नये. पैसे, पिके, भावंडे, आजार यांच्याविषयी जे विचारलेले असते, तिकडे लक्ष द्यावे. आपल्याला गोळ्यांची भीती वाटत नाही असे रोझेटा घरी कळवते, तेव्हा ती आईची समजूत घालते आहे की स्वतःची, हे ठरवणे वाचकाकडेच राहते.

तिच्या एका पत्रातला मजकूर मात्र मला फार मोलाचा वाटतो. तिची पलटण वॉशिंग्टनमध्ये पहाऱ्यावर असताना ती तिथल्या कॅरॉल तुरुंगातील तीन स्त्री कैद्यांविषयी लिहिते. त्यांपैकी एक उत्तरेच्या सैन्यात मेजर होती, गोळ्यांचा मारा चालू असताना घोड्यावरून हुकूम देत होती, आणि युद्धाच्या नियमांप्रमाणे वागली नाही म्हणून आता कोठडीत आहे. पुरुषाच्या नावाने बंदूक धरलेली मुलगी ही हकीकत कळवते आणि स्वतःविषयी त्याला जोडून काही म्हणत नाही. 1864 च्या वसंतात तिची पलटण लुइझियानात रेड नदीच्या मोहिमेवर गेली. एप्रिलमध्ये झालेल्या लढाईची हकीकत कळवणाऱ्या पत्रानंतर तिचे पत्र नाही. त्याच वर्षी 19 जूनला न्यू ऑर्लिन्सच्या इस्पितळात अतिसाराने तिचा मृत्यू झाला. तिच्या कबरीवरील दगडावर लायन्स वेकमन हेच नाव आहे.

आता रोजनिशीकडे वळू, आणि तीही तितक्याच सामान्य माणसाची घेऊ. विल्यम गूल्ड हा नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे गुलामगिरीत असलेला, गिलाव्याचे काम करणारा कारागीर होता. 21 सप्टेंबर 1862 च्या रात्री तो आणखी सात जणांबरोबर होडीतून केप फिअर नदीच्या मुखाकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी, 22 तारखेला, दक्षिणेच्या नाकेबंदीवर असलेल्या उत्तरेच्या ‘केंब्रिज’ या युद्धनौकेने त्यांना उचलून घेतले. अध्यक्ष लिंकन यांनी गुलाममुक्तीची प्राथमिक घोषणा केली ती त्याच दिवशी. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हाच जिथे गुन्हा मानला जाई, तिथून सुटलेला हा माणूस काही दिवसांतच खलाशी म्हणून रोजनिशी लिहू लागला आणि 1865 च्या सप्टेंबरपर्यंत लिहीत राहिला. ती वही 1958 मध्ये वंशजांना माळ्यावर सापडली.

गूल्डच्या नोंदी वाचताना पत्राची ऊब अपेक्षिली तर निराशा पदरी येईल. वारा कुठून होता, कोणते जहाज दिसले, कोळसा भरला की नाही, कोणते पत्र आले आणि कोणाला लिहिले, असा बराचसा मजकूर आहे. ज्या कॉर्नेलिया रीडशी पुढे 1865 मध्ये त्याचा विवाह झाला, तिला लिहिलेल्या पत्रांचीही नोंद रोजनिशीत आहे, पण पत्रात काय लिहिले ते नाही. जे पत्रात सांगून झाले, ते पुन्हा स्वतःला सांगण्याची त्याला गरज नव्हती. दोन्ही प्रकारांतला फरक मला याहून स्पष्टपणे कुठे दिसलेला नाही. उलट, समुद्रावरचे कंटाळवाणे आठवडे पत्रात कधीच येत नाहीत, कारण घरच्यांना त्यांत सांगण्यासारखे काही नसते. सैनिकाचे आयुष्य प्रत्यक्षात कशाने भरलेले होते हे जाणून घ्यायचे असेल, तर तिथे रोजनिशीला पर्याय नाही.

रोजनिशी निवडताना एक खबरदारी अवश्य घ्यावी: मूळ वही उपलब्ध आहे का ते पाहावे. दक्षिणेच्या ताब्यातील अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत सुमारे 45,000 कैद्यांपैकी जवळजवळ 13,000 मेले, आणि तिथल्या जॉन रॅन्सम या कैद्याची रोजनिशी 1881 मध्ये छापली गेली. ती अंगावर काटा आणते, पण मूळ वही हाती नसल्याने मजकूर नंतर रचला गेला असावा अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे. दक्षिणेकडून लढलेल्या टेनेसीच्या सॅम वॉटकिन्सचे लेखन तर उघडपणे वीस वर्षांनंतरच्या आठवणींचे आहे. ते वाचनीय आहे, पण पहिल्या वाचनासाठी नव्हे.

वेतन, अन्याय, हक्क असा विषय धरून कोणी वाचणार असेल, तर त्याने घरगुती पत्रांऐवजी सत्ताधाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांकडे जावे. काळ्या शिपायांच्या 54 व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतील कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने 28 सप्टेंबर 1863 रोजी थेट लिंकन यांना लिहिले. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर मिळत असताना काळ्या शिपायाला 10, आणि त्यातूनही कपड्यांचे 3 कापले जात; या तफावतीविषयी ती तक्रार होती. जून 1864 मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. पुढच्याच महिन्यात गुडिंग अँडरसनव्हिलमध्ये मरण पावला.

छापील आवृत्त्यांनंतर मूळ मजकुराकडे जायचे असेल, तर व्हर्जिनिया विद्यापीठाने ऑगस्टा (व्हर्जिनिया) आणि फ्रँकलिन (पेनसिल्व्हेनिया) या दोन परगण्यांची पत्रे व रोजनिशा इंटरनेटवर खुल्या ठेवल्या आहेत. युद्धाच्या दोन बाजूंची माणसे तिथे शेजारी-शेजारी वाचता येतात. कमी शिकलेल्या शिपायांनी शब्द कानाला ऐकू येतील तसे लिहिले आहेत. अशी पत्रे नुसत्या डोळ्यांनी वाचता अडखळायला होते, पण मोठ्याने वाचली की बहुतेक शब्द उलगडतात.