क्रौंचाचा वाडगा: यात्सुशिरो घ्यावा की गोहोन?

माचासाठी, म्हणजे घुसळून प्यायच्या जपानी हिरव्या चहाच्या पुडीसाठी, जुना जपानी वाडगा हवा, त्यावर क्रौंच हवा आणि तो रंगवलेला नको, मातीत भरलेला हवा. असा शोध घ्यायला लागलात की दोन नावं हमखास पुढे येतात: यात्सुशिरो आणि गोहोन ताचिझुरू. गोहोन म्हणजे जपानी नमुन्यावरून कोरियात घडवून घेतलेलं भांडं, ताचिझुरू म्हणजे उभा क्रौंच. गंमत म्हणजे दोन्हींचा माग एकाच सरदारापाशी जातो. होसोकावा तादाओकी, उतारवयातलं नाव सान्साई. १६३२मध्ये तो जपानच्या क्यूशू बेटावरल्या यात्सुशिरोच्या किल्ल्यावर राहायला गेला. मूळचा कोरियन कुंभार आगानो किझो त्याच्यामागून तिकडे गेला आणि त्याच्या घराण्याने तिथे हे काम रुजवलं. ताचिझुरूबद्दल असं सांगतात, की सान्साईच्या सत्त्याहत्तरीनिमित्त १६३९मध्ये शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, इएमित्सूने क्रौंचाचं चित्र काढलं आणि त्यावरून कोरियात, बुसानला वाडगे घडवून घेतले.

यात्सुशिरोची माती लोहयुक्त, त्यामुळे रंग करडा, निळसर झाक असलेला. ढग आणि उडते क्रौंच ही नक्षी जुन्या कोरियन भांड्यांवरून आलेली. वाडगा अर्धवट सुकला की नक्षी कोरायची, खाचांत पांढरी माती भरायची, वरची खरवडून टाकायची, मग भाजून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, द्यायचं. दोन्ही माती सारख्या आकसल्या नाहीत तर भरण तडकतं, म्हणून हे काम कौशल्याचं. खरं-खोटं पाहायला साधं भिंग पुरे. भरलेल्या रेषेची कड कापल्यासारखी स्वच्छ असते. कुंचल्याची रेघ टोकाला निमुळती होते.

गोहोनचा बाज वेगळा. उंच, जवळपास सरळ भिंतीचा, पायाच्या कड्याला खाचा, फिकट अंगावर गुलाबी ठिपके आणि काळ्या-पांढऱ्या मातीचा एकेक क्रौंच पुढे-मागे. मात्र अस्सल बुसानचा वाडगा सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती लागत नाही. बाजारात दिसतात त्या बहुतेक जपानातच, विशेषतः क्योटोत केलेल्या प्रतिकृती. त्यात लबाडी नाही, प्रतिकृती करण्याची परंपराच आहे. फक्त किंमत प्रतिकृतीचीच द्या.

रोज माचा घुसळणार असाल तर माझं मत यात्सुशिरोच्या बाजूने, आणि त्यातही रुंद तोंडाचा. उंच वाडग्यात बांबूची रवी फिरवायला हात अवघडतो. शिवाय गोहोनचं अंग मऊ, ते चहा पितं आणि डाग धरतं. वापरायच्या आधी कोमट पाण्यात भिजवायलाच हवं. थंडीत चहा गरम राहतो एवढं मात्र त्याच्या पदरात टाकायला हवं. फडताळात ठेवून बघायचाच असेल तर गोहोनची ऐट जास्त.

लाकडी पेटीवरच्या सुरेख अक्षरांना भुलू नका. पेट्यांची अदलाबदल होते. वाडगा पेटीत नीट बसतो का बघा आणि कड्याखालच्या उघड्या मातीचा फोटो मागवा. तो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा.