गुडघे दुखत असले तरी मेक्सिकोतल्या प्राचीन माया लोकांची देवळं बघा, फक्त कॅनकुनच्या बसटूरने जाऊ नका

मुलांकडे अमेरिकेत राहायला येणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, त्यामुळे जायचं मनात असेल तर जाऊन या, "आता या वयात कुठे पिरॅमिड चढणार" हा विचार डोक्यातून काढूनच टाका, कारण मायांच्या चिचेन इत्झा या जुन्या शहरातल्या मोठ्या पिरॅमिडवर बरीच वर्षं झाली कोणालाच चढू देत नाहीत, पंचविशीतल्या पोरांनाही नाही! सगळे खालूनच बघतात. चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक धरून ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस, हा हिशोब खाली उभं राहूनही कळतो. समोर उभं राहून टाळी वाजवली की वरून पक्षी ओरडल्यासारखा आवाज परत येतो, ते नक्की करून बघा.

आता बसटूरचं. कॅनकुन म्हणजे समुद्रकाठचं पर्यटकांचं शहर, तिथून चिचेन इत्झा साधारण २०० किलोमीटर, आम्ही आधी हॉटेलातून एक टूर घेतली होती, तिने वाटेत दुकानं दाखवत दाखवत बरोब्बर भर दुपारी नेऊन सोडलं. मधलं पटांगण उघडं, डोक्यावर झाड नाही, यांचं बीपी, माझे गुडघे, आणि गाईड हातात झेंडा घेऊन पुढे पळतोय. काय बघितलं ते धड आठवत नाही. मग आम्ही वायादोलिद गावात मुक्काम केला, तिथून टॅक्सीने पाऊण तास, सकाळी आठला गेट उघडतं तेव्हा हजर, आणि तीच जागा इतकी वेगळी वाटली की काय सांगू. जमीन सपाट आहे, काठी घेऊन आरामात फिरता येतं. तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक केंद्राचं एक राज्याचं, दोन्ही सांभाळून ठेवा.

माझ्या मते पिरॅमिडपेक्षा तिथल्याच बॉल कोर्टला, म्हणजे मायांच्या चेंडूच्या खेळाच्या मैदानाला, वेळ द्या. १६८ मीटर लांब मैदान, दोन्ही बाजूंना उंच भिंती, त्यात वर दगडी कडी बसवलेली. पण खरं बघायचं ते भिंतीच्या पायथ्याशी आहे, आणि ते डोळ्यांसमोरच येतं, मान वर करावी लागत नाही. एक खेळाडू गुडघ्यावर बसलाय, त्याचं डोकं नाही, मानेतून रक्ताच्या धारा उडतायत आणि मधली एक वेलीसारखी सोडली तर प्रत्येक धार म्हणजे साप. समोरचा एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात ते मुंडकं धरून उभा. सकाळच्या तिरप्या उन्हात रेघन् रेघ दिसते, दुपारी हेच सगळं सपाट पांढरं वाटलं होतं.

कोबा हे मायांचं दुसरं जुनं शहर मात्र आमच्या वयाच्या माणसांसाठीच केल्यासारखं आहे. सगळं जंगलात, म्हणजे सावली, आणि मोठा पिरॅमिड गेटपासून दोनेक किलोमीटर आत असला तरी सायकल रिक्षा मिळते! आपण दोघं पुढे बसायचं, रिक्षावाला मागून पॅडल मारतो. जाऊन-येऊन ठरवून घ्या. आमचा रिक्षावाला स्वतः माया होता, वाटेत झाडं दाखवत होता, त्यात एक चिकूचं निघालं आणि मला इतका आनंद झाला. आपला घोलवड-डहाणूचा चिकू मूळचा इकडचा, याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम करायचे, आणि माया लोकांनी देवळांच्या दारांवरच्या तुळया याच लाकडाच्या केल्या, त्यातल्या काही हजार-बाराशे वर्षं टिकल्यात.

उश्माल हेही मायांचंच जुनं शहर, तिथलं कोरीवकाम फार सुंदर, गर्दीही कमी, पण चढउतार आहे, गुडघे अगदीच कुरकुरत असतील तर विचार करून जा. तिथे भिंतींवर लांब नाकाचा पाऊसदेव चाक जिथे तिथे. त्या भागात जमिनीवर नदीच नाही, मग पावसाच्या देवाला आळवणार नाहीत तर काय.

जेवणाचं, शाकाहारी असाल तर मक्याची तोर्तिया (आपल्या पोळीसारखी), ग्वाकामोले (अॅव्होकॅडोची चटणी) आणि बीन्स मिळतात, पण बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, "सिन मांतेका", म्हणजे चरबीशिवाय, म्हणून आधी सांगायचं. हाबानेरो या जहाल मिरचीची चटणी जिभेच्या टोकावर घेऊन बघा, आपल्या लवंगीवाल्यांनीसुद्धा.

मेक्सिकोतले दुसरे प्राचीन लोक म्हणजे अॅझ्टेक, त्यांचं बघायचं तर मेक्सिको सिटी. शहर २२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा बरंच उंच, पहिल्या दिवशी दम लागतो, तेव्हा तो दिवस आरामात काढा आणि हृदयाची तक्रार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. टेम्प्लो मायोर, म्हणजे अॅझ्टेकांचं मुख्य देऊळ, भर शहरात, मुख्य चौकाला लागून. १९७८ मध्ये वीजखात्याचे कामगार खणत होते तर त्यांना कोयोलशाउकी देवीची सव्वातीन मीटरची गोल शिळा लागली, हातपाय तोडलेली देवी, आणि त्यानंतर तिथली घरं पाडून अख्खं देऊळ मोकळं केलं. एका देवळावर दुसरं असं सात वेळा बांधलंय, आखून दिलेल्या वाटेने चालताना ते थर दिसतात. ती शिळा आता म्युझियममध्ये आहे, वरच्या मजल्यावरून बघा, तरच पूर्ण दिसते.

त्याच शहरातल्या चापुल्तेपेक बागेतलं मानववंशशास्त्राचं म्युझियम दोन भागांत करा, एका दमात होत नाही. चोवीस टनांची सूर्यशिळा तिथेच, अॅझ्टेक दालनात. फक्त टेम्प्लो मायोर आणि हे म्युझियम, दोन्ही सोमवारी बंद असतात, आणि रविवारी तिथल्या लोकांना फुकट असल्यामुळे तुफान गर्दी असते, तेव्हा विमानाची तिकिटं काढतानाच वार बघून घ्या.